पाच-नऊ-नऊ

मी एक की आहे. कुलपाची नव्हे, मोर्सची. काळ्या लाकडी पाटावर बसवलेली, पितळेची, बोटांनी धरायला वर काळी गोल मूठ असलेली. मूठ दाबली की माझे चांदीचे दोन ठिपके एकमेकांना टेकतात आणि आवाज सुरू होतो. सोडली की थांबतो. एवढंच माझं काम. आणि आधीच सांगून ठेवते, मला माणसांची फार शिसारी येते.

उगाच नाही येत. साठ वर्षांतली बरीचशी मी माणसांच्या बोटांखाली काढली आहेत. तुम्हाला माणसाचा चेहरा दिसतो, कपडे दिसतात, हसणं दिसतं. माझ्या वाट्याला फक्त बोटं आली. चिवडा खाऊन पँटला पुसलेली बोटं. कानात फिरवून आलेली बोटं. तंबाखू मळताना चुना अडकलेली नखं. माझ्या सांध्यांत जो हिरवा थर दिसतो त्याला तुम्ही जुन्या वस्तूची शोभा म्हणता आणि फोटो काढता. तो तुमचा घाम आहे.

पण घाम पुसता येतो. मला खरी शिसारी येते ती घाणेरड्या पाठवण्याची.

मोर्समध्ये दोनच आवाज. छोटा कट्ट आणि लांब कड. कड म्हणजे तीन कट्टांएवढा, ना कमी, ना जास्त. हे सगळ्यांना पाठ असतं. जे कोणाला पाठ नसतं ते म्हणजे गप्प बसणं. एका अक्षराचे कट्ट-कड झाले की तीन कट्ट गप्प राहायचं, मग दुसरं अक्षर. शब्द संपला की सात कट्ट गप्प. तेवढं गप्प बसलं की ऐकणाऱ्याला अक्षर सुटं कळतं. नाही बसलं की सगळा गोळा होतो, शिळ्या साबुदाण्यासारखा. आणि माणसाला सगळं जमतं, गप्प बसणं तेवढं जमत नाही.

माझा जन्म दूरच्या एका सरकारी कारखान्यात झाला आणि भुशाच्या खोक्यातून मी नाशिक रोडच्या तार ऑफिसात आले. तिथं मला सावळीराम मिळाला. सिन्नरकडचा, विशीतला, नवा तारमास्तर. त्याच्या अंगठ्याला कायम चुना. शेजारी पत्र्याचा डबा, त्यात तो थुंकायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, ह्याच्यापेक्षा भट्टीत परत जावं.

मग त्यानं पाठवायला घेतलं. मनगट टेबलाला टेकलेलं, कोपर सैल, बोटं मुठीवर नुसती ठेवलेली. बेदाण्याच्या व्यापाऱ्याची तार असो, छावणीतल्या शिपायाच्या रजेची असो की कुणाच्या आजीची शेवटची असो, त्याच्या हातात घाई नव्हती. पलीकडचा मनमाडचा मास्तर अर्ध्या ओळीत ओळखायचा, आज सावळीराम बसलाय. हात हा आवाजासारखा असतो, ज्याचा त्याचा वेगळा. सावळीरामाचा अंगठा घाण होता, हात स्वच्छ होता. हे दोन्ही एका माणसात कसं राहतं ते मला अजून समजलेलं नाही.

पुढं नवी यंत्रं आली. आम्हाला गोणीत भरलं, लिलावात विकलं. भद्रकालीतल्या एका भंगारवाल्याकडे मी कितीतरी वर्षं मिक्सरच्या फुटक्या भांड्यांमध्ये पडून होते. पावसात पत्र्यातून पाणी गळायचं. उंदरांबद्दल मी बोलणार नाही.

तिथून मला शेखरनं उचललं. सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर, म्हसरूळला टू बीएचके फ्लॅट, गच्चीवर तारांचा अँटेना. शेखर हौशी रेडिओवाला होता. ही माणसं स्वतःला हॅम म्हणवतात. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा, मग घरात बसून जगभरच्या दुसऱ्या हॅमशी रेडिओवर बोलायचं. कुणी तोंडानं बोलतं, कुणी मोर्सनं. शेखर मोर्सवाला. घरी नेल्यावर पहिलं काम त्यानं काय केलं, तर माझे चांदीचे ठिपके पॉलिश पेपरनं घासले. चांदीला पॉलिश पेपर. वर सांध्यांत पांढरी पॉलिश भरून ठेवली, ती तशीच वाळली. मग हौसेनं फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली साठ अंगठे आले.

आणि मग त्यानं पाठवायला घेतलं.

कसं सांगू? कट्ट अर्धवट, कड मनाला येईल तेवढे. अक्षराचा शेवटचा कड तो लांबवायचा, गवई शेवटी तान ओढतो तशी ऐट त्यात. आणि मध्ये गप्प बसणं नाहीच. एका अक्षराच्या शेपटीवर दुसऱ्याचं डोकं. वीस वर्षांपूर्वी परीक्षेत पास झाला तेव्हा असा नसणार. तेव्हा भीती असते, आणि भीतीनं माणूस जपून पाठवतो. नंतर वेग आला, भीती गेली, तशी मधली जागाही गेली. लहानपणी सुरेख असलेलं अक्षर सह्या करून करून बिघडतं ना, तसंच.

मग त्याला कोणी सांगितलं का नाही? ह्या लोकांची एक पद्धत आहे. रेडिओवर भेट झाली की एकमेकांना तीन आकडे द्यायचे. पहिला, तुमचं पाठवणं किती समजलं, पाचपैकी. दुसरा, किती जोरात आलं, नऊपैकी. तिसरा, सूर किती स्वच्छ, नऊपैकी. पूर्ण मार्क म्हणजे पाच-नऊ-नऊ. आणि सगळे सगळ्यांना पाच-नऊ-नऊच देतात. पलीकडचा तीन तीनदा विचारतो, पुन्हा सांगा, पुन्हा सांगा, नाव समजलं नाही. आणि शेवटी देतो पाच-नऊ-नऊ. शेखरची खूण, म्हणजे परवान्यासोबत मिळालेलं रेडिओवरचं नाव, लोक कॉम्प्युटरवरच्या यादीत बघून ओळखायचे, बाकीचं अंदाजानं भरायचे.

शेखरची बायको साधना. माहेर मखमलाबादचं, भावाची फुलशेती. ती घरी बसून हारांच्या ऑर्डरी घ्यायची, शेवंती, झेंडू, लग्नसराईत गुलाब. अक्षर सुंदर. म्हणून शेखरच्या भेटींची पोस्टकार्डं तीच लिहायची. हॅम लोक प्रत्येक भेटीचं कार्ड पाठवतात, त्यावर तारीख, वेळ आणि ते आकडे. पंधरा वर्षं ती हे लिहीत आलेली.

एकदा तिनं विचारलं, "अहो, सगळ्यांना पाच-नऊ-नऊच का देता?"

"पद्धत असते गं," शेखर म्हणाला. "पाहुणा चहा पिऊन कसा झाला सांगतो? छानच म्हणतो ना. तसंच."

"मग तुम्हाला देतात ते?"

"मला देतात ते खरंच असतं. माझा हात बसलाय आता."

हे तो चेष्टेनं बोलला नाही. आपण देतो ती पद्धत आणि आपल्याला मिळतं ते खरं, हे त्याच्या डोक्यात सुखानं शेजारी शेजारी राहत होतं. माणसांची अनेक प्रकारची घाण मी सोसली, पण ही सगळ्यांत चिकट.

साधनाकडे छोटा परवाना होता, लेखी परीक्षेवर मिळणारा. मोठ्या परवान्याला मोर्स लागतं. ऐकून लिहायचं आणि हातानं पाठवायचं, मिनिटाला आठ शब्द, मोजून चार-पाच चुका चालतात. तिला तो हवा होता. क्लबात तिला सगळे शेखर सरांच्या मिसेस म्हणायचे, तिची स्वतःची खूण कुणाच्या लक्षात नसायची. "हजारो कार्डं लिहिली," ती एकदा भावजयीला फोनवर सांगत होती, "एकावर तरी माझं नाव पाहिजे का नको?" त्यात दुसरं काही नव्हतं. नाव पाहिजे होतं.

ऐकायला ती मोबाइलवर शिकली, रोज हार ओवताना कानात घालून. चांगली शिकली. पाठवायला शेखरनं शिकवलं. रोज संध्याकाळी तो चिवड्याची वाटी घेऊन शेजारी बसायचा आणि माझ्यावर तेलकट हातानं करून दाखवायचा. "अशी लय पाहिजे. शेवट जरा ओढायचा." ती ओढायची. शेखरचं पाठवणं तिला समजत नसे, आणि ते फार फास्ट आहे म्हणून आपल्याला समजत नाही, असं तिला वाटे. सहा महिन्यांत त्याची सगळी घाण तिच्या हातात उतरली. मी मध्ये होते, म्हणून मला माहीत. माझ्यातूनच उतरली.

परीक्षा मुंबईला. ती मला स्टीलच्या जेवणाच्या डब्यात नॅपकिनमध्ये गुंडाळून घेऊन गेली. डब्याला लिंबाच्या लोणच्याचा वास होता. तो माझ्या पाटात अजून आहे.

ऐकण्यात ती एक चूक करून पास झाली. मग पाठवायला बसली. परीक्षक समोर कागद घेऊन बसला होता, वयस्कर, सभ्य माणूस. दुसऱ्या ओळीला त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"मॅडम, तुमचं ऐकणं उत्तम आहे," तो म्हणाला. "पाठवायला कुणाकडे शिकलात?"

"आमच्या यांच्याकडे. वीस वर्षं मोर्सवर आहेत," ती अभिमानानं म्हणाली.

त्या माणसानं कारण न सांगता कागदावर नापास लिहिलं. सभ्यपणाची शिसारी येते ती अशी.

घरी शेखर म्हणाला, "टेन्शन आलं असेल. नाही होत तर राहू दे. छोट्या परवान्यात काय कमी आहे?" असं म्हणून त्यानं टीव्ही लावला. पुढची परीक्षा चार महिन्यांवर होती आणि साधनानं त्याच रात्री तिचा फॉर्म भरला.

क्लबातल्या कुणीतरी तिला सांगितलं की नाशिक रोडला, जेल रोडच्या बाजूला, एक जुने तारमास्तर अजून आहेत. ती मला पिशवीत घालून गेली. मुलीच्या घरी, पुढच्या खोलीत, खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. त्यानं पाणी दिलं त्या हाताचा अंगठा मी पाहिला. चुना. सावळीरामच होता.

मला वाटलं आता हा मला ओळखेल. त्यानं मला हातात घेतलं, उलटी केली, पाटाखाली बघितलं.

"कुठं भेटली?"

"ह्यांनी भद्रकालीतून घेतली, मास्तर. तुमच्या ऑफिसातली असेल का?"

"असंल. असल्या ढिगानं होत्या," तो म्हणाला आणि मला टेबलावर ठेवली. "वाजवा."

आठ वर्षं ह्या माणसाच्या बोटांखाली मी होते. असो.

साधनानं पाठवायला घेतलं. चार अक्षरं झाली आणि म्हाताऱ्यानं हात वर केला.

"थांबा. हे कोन बोलतंय?"

"मी. म्हणजे, मीच पाठवतेय."

"नाय. हा बाप्याचा हात हाय. येश्टी सुटाय लागली अन् हा मागं पळतोय. तुमचा कुठंय?"

साधनानं बोटं मुठीवरून काढून घेतली.

"ताई, राग नका धरू," सावळीराम म्हणाला. "कुनी शिकवलं?"

"आमच्या ह्यांनी. त्यांना सगळे पाच-नऊ-नऊ देतात, मास्तर. अमेरिकेतले पण."

"सोयऱ्याच्या पंगतीत मीठ कमी पडलं तर कोनी बोलतं का? तसंच हाय ते. तुम्हाला त्यांचं समजतं का? खरं सांगा."

"नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं मीच कमी पडते."

म्हाताऱ्यानं मला पुढं ओढलं. साध्या कोऱ्या कागदाची पट्टी माझ्या ठिपक्यांमध्ये घालून हलकेच ओढली, दोनदा, तीनदा, काळं निघेपर्यंत. शिवायच्या दोऱ्यानं सांध्यातली वाळकी पॉलिश काढली. मग पोस्टकार्ड घालून माझी फट त्याच्या जाडीएवढी लावली. चौदा वर्षांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला. मधून मधून तो खिडकीबाहेर थुंकत होता, तेही सांगायला हवं.

"काय काम करता?" त्यानं विचारलं.

"हार करते. ऑर्डरीचे."

"मंग तर झालं. दोन फुलांत दोरा किती सोडता?"

"बोटभर. सगळीकडं सारखा, नाहीतर हार वाकडा पडतो."

"ते कोन मोजतं?"

"कोणी नाही. हातच मोजतो."

"मंग फुलांकडं बघूच नका. दोऱ्याकडं बघा. कट्ट-कड आपलं आपन येतं. दोरा सारखा पडला पायजे."

पहिले पंधरा दिवस त्यानं तिला अक्षर म्हणून काही पाठवू दिलं नाही. एक कट्ट, आणि तीन गप्प. एक कट्ट, आणि तीन गप्प. तिनं घाई केली की तो खुर्चीच्या दांड्यावर अंगठा आपटायचा. ती आठवड्यातून दोनदा बसनं यायची, शेखरला सांगायची की मार्केटला जाते. घरी तो कारखान्यात गेला की दुपारी दोन तास मला घेऊन बसायची. शेखरचं ओढणं तिच्या हातातून जायला दोन महिने लागले. एक दिवस जायचं, दुसऱ्या दिवशी परत यायचं. एकदा ती रडली. अश्रू पितळेवर पडले, ते पुसलेही नाहीत, तिथं डाग आहे. मला ते आवडलं असं मी म्हणणार नाही.

पण एका दुपारी तिनं बसून आपलं नाव पाठवलं. सात इंग्रजी अक्षरं आणि मध्ये सारखी जागा. त्यात शेखर नव्हता, सावळीरामही नव्हता. तो तिचा हात होता, जरा सावकाश, जरा ठाम. मी साठ वर्षांत फार थोड्या वेळा खूश झाले आहे. त्यातली ती एक.

ती पास झाली. पाठवण्यात चूक शून्य. दोन महिन्यांनी परवाना आला, नवी खूण आली.

शेखरनं क्लबात पेढे वाटले. "मी शिकवली," तो सगळ्यांना सांगत होता. "पहिल्यांदा घाबरली होती, पण बेस पक्का होता." लोकांनी त्याला शाल दिली, त्यालाच. साधनानं शालीकडे पाहिलं आणि पेढ्याचा बॉक्स पुढं केला. सावळीरामाचं नाव तिनं अजून काढलेलं नव्हतं.

मग तो रविवार. क्लबाची दहा-बारा माणसं घोटीच्या पुढं एका डोंगरावर रेडिओ घेऊन गेली. तारा बांधायच्या, बॅटरीवर संच चालवायचा, पोहे खायचे, अशी त्यांची सहल असते. शेखरनं आपली दुसरी की नेली. जाताना साधनाला म्हणाला, "दहा वाजता संच लाव. तुझी पहिली भेट माझ्याशी. स्पीकर लावणार आहे, सगळे ऐकतील."

दहा वाजता ती माझ्यापुढं बसली. हात धुऊन, पदराला पुसून. समोर कोरी वही, हातात पेन्सिल. आणि शेखरचा आवाज आला.

गोळा. सगळा गोळा. आता तिचा कान तयार झाला होता, आणि पहिल्यांदा तिला ऐकू आलं ते, जे मला चौदा वर्षं ऐकू येत होतं. वहीवर तिनं दोन अक्षरं लिहिली आणि पेन्सिल थांबली. तिनं विचारलं, पुन्हा पाठवा. त्यानं पुन्हा पाठवलं, अजून जोरात, अजून ऐटीत. पुन्हा गोळा. शेवटी एवढंच समजलं की तो विचारतोय, माझा रिपोर्ट द्या.

डोंगरावर बारा माणसं स्पीकरभोवती उभी होती. त्यात त्याच्याकडे मोर्स शिकणारी चार-पाच जणं होती. साधना पाच-नऊ-नऊ देणार, हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. तिनं मुठीवर बोटं ठेवली. मी मनात म्हटलं, दे बाई, दे तुझं खोटं, मला सवय आहे.

तिनं पाठवलं. दोन.

मग सात कट्टांची जागा सोडली आणि पाठवलं, जोर नऊ, सूर नऊ. पुन्हा जागा. मग तीन अक्षरांचा एक ठरलेला इशारा, ज्याचा अर्थ होतो, हळू पाठवा. एकेक अक्षर सुटं. डोंगरावरच्या सगळ्यात कच्च्या शिकाऊलाही ते समजलं असणार.

पलीकडून पाच मिनिटं नुसती खरखर. मग तिनं संच बंद केला आणि संध्याकाळच्या ऑर्डरीची शेवंती निवडायला घेतली.

शेखर अंधार पडल्यावर घरी आला. चप्पल न काढता तसाच आत आला.

"सगळ्यांसमोर?" तो म्हणाला.

"तुम्ही विचारलंत."

"पद्धत माहीत नाही का तुला?"

"माहिती आहे. पंधरा वर्षं लिहितेय मी ती." ती खाली बघून फुलं निवडत होती. "अहो, त्या पद्धतीनं मी नापास झाले. ती तिथली पोरं पण होतील. मी सावळीराम मास्तरांकडे जात होते चार महिने. तुम्हाला सांगायला धीर झाला नाही, ती माझी चूक."

"ही की माझी आहे," शेखर म्हणाला.

त्यानं मला तिच्या टेबलावरून काढलं आणि हॉलमधल्या शोकेसच्या खालच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. तिथं जुने रिमोट होते, वितळून चिकटलेला फेव्हिकॉल, आणि गळलेले सेल. गळलेल्या सेलचं पांढरं पाणी माझ्या पाटाला लागत होतं. ह्याहून किळसवाणी जागा मी उंदरांमध्येही पाहिली नव्हती. आतल्या खोलीत साधनानं ऑनलाइन मागवलेली स्वस्तातली प्लॅस्टिकची की लावली. तिचा टुक टुक आवाज मला ऐकू यायचा, आणि त्या भिकार खेळण्यातूनही हात तिचाच, स्वच्छ. दोघं जेवायला बसायची तेव्हा नुसता भांड्यांचा आवाज व्हायचा. पाहुणे आले की बोलायची.

मग क्लबातल्या एकानं डोंगरावर मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. खाली कुणीतरी हसरे चेहरे टाकले असावेत, कारण शेखर त्या दिवशी कामावर गेला नाही. दुपारी साधना हार पोचवायला बाहेर पडली, आणि तो हॉलमध्ये, माझ्या ड्रॉवरशेजारीच, जमिनीवर बसला.

त्यानं रेकॉर्डिंग लावलं. मला त्याच्या पेन्सिलीचा आवाज येत होता. साधनाचं पाठवणं आलं की पेन्सिल सरसर चालायची. त्याचं स्वतःचं आलं की थांबायची. तो मागं न्यायचा, पुन्हा लावायचा. पेन्सिल दोन अक्षरं चालायची आणि थांबायची. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. आपण काय पाठवलं होतं हे त्याला पाठ होतं, तरी त्याला ते ऐकून लिहिता येत नव्हतं. शेवटी त्यानं कागद चुरगाळला, आणि ड्रॉवर उघडून मला बाहेर काढलं. कारखान्यातला पन्नाशीचा माणूस. मला त्याची दया आली असं कोणी समजू नये. पण त्या दुपारी मला शिसारीही आली नाही, हे खरं.

तर आज माझी ही अशी अवस्था आहे. पाटाला सेलचा पांढरा डाग, लाकडात लोणच्याचा वास, पितळेवर एका बाईच्या अश्रूंचा ठिपका. ड्रॉवरमधून बाहेर आले आहे. संध्याकाळी साडेसहाला कारखान्यातून आला की शेखर मला टेबलावर घेतो आणि सावळीरामाचा धडा गिरवतो. एक कट्ट, आणि तीन गप्प. एक कट्ट, आणि तीन गप्प. तीन मोजताना त्याचे ओठ हलतात. तीन पुरे व्हायच्या आत, अडीचवरच तो अजून उडी मारतो. चिवड्याची वाटी अजून शेजारी असते. मूठ अजून तेलकट होते. क्लबातला त्याचा वर्ग त्यानं बंद केलाय, पोरांना तो आता जेल रोडचा पत्ता देतो.

तुमच्याकडे माझं मागणं एकच आहे. मला शोकेसमध्ये ठेवू नका, पॉलिश लावू नका, माझे फोटो काढू नका. कुणी तुम्हाला विचारलं, माझं कसं आहे हो, तर चेहरा बघून बोलू नका. ऐकून बोला. मग तुमचे हात कसेही असोत, मी सोसेन.

चला, तो आला. आज त्यानं स्वतःचं नाव पाठवायला घेतलं आहे. साधना दारात बसून झेंडू ओवतेय, पाठ त्याच्याकडे, कान इकडे. नाव संपलं. त्यानं बोटं उचलली.

"किती?" त्यानं विचारलं.

तिनं दोऱ्याला गाठ मारली, उरलेला दोरा दातानं तोडला.

"तीन," ती म्हणाली.

"खरंच?"

"पद्धत म्हणून नाही सांगत."

तो मान खाली घालून हसला आणि पुन्हा मुठीवर बोटं ठेवली. मी असते तर दोनच दिले असते.